बिनलेबलाची पिंपं

पिंपात मान खुपसून माईंनी छाती भरून श्वास ओढला. मग शेजारच्या पिंपात. मग पुन्हा पहिल्यात. दोन्हीकडे सारखंच. म्हणजे दोन्हीकडे काहीच नाही.

"काय शोधताय माई? आत सोनंनाणं पडलंय का?"

माई दचकून सरळ झाल्या आणि पिंपाची कड कपाळाला लागली. दारात हातगाडीवाला उभा होता, गोण्या वाहणारा.

"तुझी अक्कल सांडलीये म्हणे इथे कुठे, ती शोधते," माई कपाळ चोळत म्हणाल्या. "ही पिंपं कुणी हलवली रे?"

"मीच. सकाळी गटार तुंबलं होतं ना, साहेब म्हणाले फरशी धुवून काढ. दोन्ही पिंपं बाहेर घेतली, फरशी धुतली, परत लावली."

"जशी होती तशी?"

"जशी होती तशीच की." मग त्याने डोकं खाजवलं. "म्हणजे... हे इकडे होतं ना? का ते? आता काय सांगू माई, दोन्ही जुळी भावंडं. पण तुम्हाला काय त्याचं? तुम्ही डोळे मिटून सांगाल कुठलं कुठे ते."

माईंनी दोन्ही पिंपांकडे आळीपाळीने बघितलं.

हा कारखाना जुन्या प्लास्टिकचा. शाम्पूच्या, तेलाच्या, फिनेलच्या बाटल्या, त्यांची झाकणं, फुटक्या बादल्या, सगळं इथे यायचं, धुतलं जायचं, दळलं जायचं आणि वितळून नवा दाणा होऊन बाहेर पडायचं. पण जुनं प्लास्टिक म्हणजे आजारातून उठलेलं माणूस. नुसतं वितळवून भागत नाही, त्याला औषध लागतं. उन्हातान्हात राहून चिवटपणा गेलेला असतो, त्याला एक पावडर. चटकन तडकू नये म्हणून मऊदाणा. आणि सगळ्यात महत्त्वाचा तो जोडदाणा. कारण बाटलीचं प्लास्टिक वेगळं आणि झाकणाचं वेगळं, आणि दोघांचं सख्ख्या जावांइतकं पटतं. एका भांड्यात घातलं, वितळवलं, ढवळलं, तरी आतून आपले वेगळेच राहतात. वरून वस्तू छान गुळगुळीत दिसते, आणि जोर पडला की पापुद्रे सुटतात. जोडदाणा दोघींचे हात एकमेकींच्या हातात देतो. शंभर किलो चुऱ्याला चार किलो, बस. ही सगळी औषधं मापून द्यायचं काम माईंचं. बावीस वर्षं.

मऊदाणा आणि जोडदाणा दिसायला एकसारखे, साबुदाण्याएवढे, पांढुरके. पोत्यांवर नावं असतात, पण पोत्यात दमट हवा शिरते म्हणून माल आला की तो घट्ट झाकणाच्या निळ्या पिंपांत ओतायचा आणि पोती फेकून द्यायची, ही इथली रीत. पिंपांवर लेबल नाही. कशाला हवंय? मऊदाण्याला वास नाही, आणि जोडदाणा असा झणझणीत की झाकण उघडलं की नाकातून सरळ मेंदूत जातो. माईंचं नाक तर असलं की चुऱ्याच्या ढिगावरून नुसत्या गेल्या तरी सांगायच्या, "यात फिनेलच्या बाटल्या जास्त आहेत, अजून एक धुणं द्या." बाहेरची माणसं कारखाना बघायला आली की साहेब त्यांना आधी यंत्र दाखवत नसत, माईंना दाखवत. पाठीमागे पोरं त्यांना नाकमाई म्हणायची. माईंना ते ठाऊक होतं आणि आवडायचंही.

एकदा, पुष्कळ वर्षांपूर्वी, आधीच्या साहेबांनी पिंपांवर कागद चिकटवले होते, ठळक अक्षरांत. माईंनी त्याच दिवशी ओल्या फडक्याने घासून काढून टाकले. "मला लेबलं लागतात होय?" म्हणाल्या होत्या. साहेब हसले होते. सगळेच हसले होते.

आणि आता दीड वर्षापासून ते नाक नव्हतं.

एका दिवसात गेलं असतं तर बोंब तरी मारता आली असती. हळूहळू गेलं. आधी साबणाचा वास पुसट झाला, मग कांद्याचा, मग एका सकाळी जोडदाण्याचं झाकण उघडलं आणि डोळ्यांत पाणीच आलं नाही. माई एकट्याच जाऊन डॉक्टरला दाखवून आल्या. घरी सांगितलं, गुडघ्यासाठी जातेय. डॉक्टरने नाकात बत्ती मारून बघितलं, काय काम करता विचारलं, आणि म्हणाला, "इतकी वर्षं धूर हुंगलात, अजून काय होणार? परत येईलच असं नाही सांगता येत."

तेव्हापासून माई नाकाशिवाय नाकाचं काम करत होत्या. डावं पिंप जोडदाण्याचं, उजवं मऊदाण्याचं, हे पाठ. चुरा बोटांना तेलकट लागला की तेलाच्या बाटल्या. आणि बाकी सगळं हातगाडीवाल्याच्या तोंडावर वाचायचं. त्याने तोंड वाकडं केलं की माई ऐटीत म्हणायच्या, "फिनेल!" नऊदा बरोबर यायचं. दहाव्यांदा माई म्हणायच्या, "धुताना काहीतरी गडबड झालीये." लोक मान डोलवायचे. इतक्या वर्षांची पुण्याई होती, ती अशी व्याजावर चालली होती.

आज दुपारी जेवणानंतर जोडदाण्याची बादली संपली. माई कोठीत आल्या, डाव्या पिंपाचं झाकण काढलं, सवयीने नाक घातलं, आणि बादली भरून घेऊन गेल्या. फरशी ओली दिसत होती. तेव्हा डोक्यात आलं नाही. आता पावणेतीनला दुसरी बादली न्यायला आल्या, तर फरशीवर पिंपं ओढल्याचे दोन काळे ओरखडे दिसले. एकमेकांना छेदून गेलेले.

"ऐक," माई शक्य तितक्या सहजपणे म्हणाल्या, "जरा हुंग बघू हे. तुलाही शिकायला नको का?"

हातगाडीवाल्याने गंमत म्हणून मान घातली, आवाज करून श्वास ओढला आणि पाठोपाठ तीन शिंका दिल्या.

"झोंबलं?" माईंनी घाईने विचारलं.

"नाही हो, सर्दी झालीये. कालपासून. माझं नाक म्हणजे सकाळचं गटारच समजा." त्याने बाहीला नाक पुसलं. "तुम्ही सांगा ना. कुठलं आहे?"

"जोडदाणा," माई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

तो गेला आणि माई पिंपाच्या कडेवर हात टेकून उभ्या राहिल्या. आणखी कुणाला हुंगायला बोलवावं तर आधी प्रश्न येणार की माई, तुम्ही असताना मला कशाला? हातात दाणे घेऊन उजेडात धरले. एक दाणा जिभेवर ठेवला. कसलीच चव नाही. आताशा कशालाच नव्हती.

गेल्या दोन तासांचा माल चाळीस गोण्या. मऊदाणा दुप्पट आणि जोडदाणा शून्य असेल, तर त्या चाळीस गोण्यांचा दाणा दिसायला देखणा आणि आतून फुटीर. आणि हा माल जाणार होता स्टुलांसाठी. दोन पायऱ्यांचं स्टूल, म्हातारी माणसं उंच पलंगावर चढायला, फळीवरचं काढायला घेतात ते.

तसलं एक स्टूल माईंच्या घरीच होतं. चार वर्षांपूर्वी पहिला माल गेला तेव्हा स्टूलवाल्याने खूश होऊन माईंना एक भेट पाठवलं होतं. नवरा शिंपी. पुढच्या खोलीत त्याचं शिलाई मशीन, आणि वर फळीवर कापडाचे ताके. गुडघे कुरकुरतात तरी दिवसातून दहादा त्या स्टुलावर चढायचा. आज सकाळीही वर उभा होता, एका हाताने फळी धरून, आणि तिथूनच ओरडला होता, "अगं, दूध!" आणि स्वतःच धडपडत उतरून आत आला आणि गॅस बंद केला. माई गॅससमोरच उभ्या होत्या. पातेल्याच्या तळाशी दूध करपून काळं झालं होतं.

"जरासं लागलंय बहुतेक," तो पातेल्यात न बघताच म्हणाला होता. "चालतंय. मला लागलेलं आवडतं."

कुणाला आवडतं लागलेलं दूध? पण माईंना घाई होती. त्यानेच शिवलेला जाड कापडाचा ॲप्रन पिशवीत कोंबून त्या निघाल्या होत्या.

आता त्यांच्या डोळ्यांपुढे ते स्टूल काही हलेना. त्यावर नवरा, आणि मग नवऱ्याच्या जागी कुणाची तरी आई, कुणाचे तरी आजोबा, एक हात फळीवर, आणि पायाखाली पापुद्रे.

त्यांनी ॲप्रनला हात पुसले आणि लॅबकडे निघाल्या.

लॅब म्हणजे जिन्याखालची खोली. तिथे मालाच्या पट्ट्या काढून तपासणारे सर बसत. जाड भिंगांचा चष्मा, खिशात चार पेनं, आणि माईंशी पंधरा वर्षांचं गोड वैर. त्यांचा विश्वास यंत्रावर आणि माईंचा नाकावर. मालाबद्दल दोघांचं मत जुळलं की सर म्हणत, "यंत्राने आज माईंची लाज राखली," आणि माई म्हणत, "यंत्र शिकतंय हळूहळू, शिकेल."

"सर, आजच्या मालाची एक पट्टी काढून बघता का?"

सरांनी चष्म्यावरून बघितलं. "सूर्य आज कुठून उगवला? तुम्ही आणि पट्टी मागताय?"

"उगीच आपलं. मनाला हुरहुर लागलीये."

"नाक काय म्हणतंय?"

"नाक..." माईंनी टेबलावरचा खोडरबर सरळ ठेवला. "नाक ठीक म्हणतंय. पण म्हटलं खात्री केलेली बरी. म्हाताऱ्या माणसांच्या पायाखाली जाणार ते."

सर उठले. रोज अकरा वाजता कपभर दाणा नमुना म्हणून काढून ठेवायचा नेम होता. तो त्यांनी छोट्या दाबयंत्रात ओतला. वितळायचा, दाबायचा, थंड व्हायचा म्हणजे वीस मिनिटं. ती वीस मिनिटं माई खुर्चीच्या काठावर बसून होत्या आणि सर त्यांना मुलीच्या नोकरीचं काहीबाही सांगत होते. माई हं हं करत होत्या. कानात एकच शब्द घुमत होता, अकरा. अकरा वाजताचा दाणा. अकरा वाजता जुनीच बादली होती, जुन्याच जागेवरच्या पिंपातून भरलेली. त्या दाण्याला काय धाड भरलीये?

हे त्यांना कळत होतं. तरी गप्प बसल्या होत्या. माणूस स्वतःला किती फसवतो, याला काही सुमार नाही.

पट्टी निघाली. सरांनी ती वाकवली, उलटी वाकवली, पिळली. वळाजवळ पांढरी रेघ उमटली, बस. सोडली तशी सरळ झाली.

"घ्या," सर म्हणाले. "एकदम चिवट. आपल्या साहेबांसारखी. आता झोप लागेल ना?"

"लागेल," माई म्हणाल्या, आणि खरंच क्षणभर हायसं वाटलं. झालं, तपासून झालं. सरांनी स्वतः सांगितलं माल उत्तम आहे. पुढे काही झालं तर कागदावर सरांची सही आहे. हा विचार मनात आला आणि माईंना स्वतःचीच शिसारी आली. बावीस वर्षांत दुसऱ्याच्या सहीआड लपायची पाळी कधी आली नव्हती.

अंगणात ट्रक लागला होता. हातगाडीवाला आणि दोन हमाल गोण्या चढवत होते. प्रत्येक गोणीवर लाल रंगाने आकडा. ब्याऐंशी, त्र्याऐंशी, चौऱ्याऐंशी. दुपारच्या गोण्या. माई भिंतीला टेकून मोजत राहिल्या. ड्रायव्हर घड्याळ बघत होता. स्टूलवाल्याकडे संध्याकाळी साचे तापवून ठेवलेले असतात, माल पोचला की लगेच काम सुरू.

नव्वद. एक्याण्णव.

सांगितलं तर काय होईल? हाकलतील. हाकलू देत, उपाशी नाही मरणार, नवऱ्याचं मशीन चालतंय. त्याचं एवढं नव्हतं. पण उद्या या अंगणातून चालताना कुणी म्हणणार नाही, "माई, जरा इकडे या, हे बघा काय आहे." कुणी थांबणार नाही, कुणी विचारणार नाही. गुडघे दुखणारी एक म्हातारी, एवढंच उरेल. माईंना हे सहन होईल असं वाटेना.

एकशे चार. एकशे पाच.

आणि नाही सांगितलं तर? कदाचित पिंपं बरोबरही लागली असतील. निम्मी शक्यता तीही आहे. हातगाडीवाला म्हणालाच ना, जशी होती तशी.

एकशे अकराव्या गोणीला हातगाडीवाल्याचा पाय घसरला. गोणी खाली आली, कुणाला लागलं नाही, तो हसत उठला आणि मागचं झटकू लागला. पण ते क्षणभराचं हवेत हात पसरणं माईंनी पाहिलं.

"थांबा," त्या म्हणाल्या. कुणाला ऐकू गेलं नाही. मग ओरडल्याच, "अरे थांबा! उतरवा त्या गोण्या!"

सगळे थबकले. ऑफिसच्या दारातून मॅनेजरसाहेब बाहेर आले. चाळिशीचा माणूस, सदा घाईत, पण माईंशी कधी उंच आवाजात बोललेला नाही. "काय झालं माई?"

"साहेब, दुपारचा माल जाऊ देऊ नका. एक्याऐंशीपासून पुढचा. त्यात जोडदाणा नाही बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?"

लॅबच्या दारातून सरही आले होते. "अहो माई, आत्ताच तर पट्टी काढली आपण."

"ती अकराची, सर. पिंपं सकाळी हलवली. मी डाव्या पिंपातून दुपारी बादली भरली."

"मग?" साहेबांना कळेना. "भरताना हुंगलं असेलच ना तुम्ही?"

ड्रायव्हर, दोन हमाल, हातगाडीवाला, सर, साहेब. सगळे माईंच्या तोंडाकडे बघत होते. सवयीने.

"हुंगलं," माई म्हणाल्या. "मला वास येत नाही, साहेब."

"सर्दी झालीये?"

"नाही. दीड वर्ष झालं. कशाचाच येत नाही."

यंत्राची घरघर तेवढी आतून येत होती. हातगाडीवाल्याच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं, माईंनी काहीतरी विनोद केला असेल म्हणून, आणि मग ते हळूहळू गेलं.

"पण परवा तुम्ही मला सांगितलं, फिनेल..." तो म्हणाला.

"तुझ्या तोंडाकडे बघून सांगितलं रे."

सरांनी आणखी काही विचारलं नाही. एकशे दोन नंबरची गोणी उसवून मूठभर दाणा घेतला आणि आत गेले. पुन्हा वीस मिनिटं. या वेळी माईंना कुणी बसा म्हटलं नाही आणि त्याही बसल्या नाहीत. मधेच सर कोठीत जाऊन आले. डोळे लाल, रुमाल नाकाला. "उजवं," एवढंच बोलले. "जोडदाणा उजव्या पिंपात आहे."

मग पट्टी आली. सरांनी ती सगळ्यांसमोर वाकवली. वळाच्या जागी ती तुटली नाही, उकलली. जुन्या वहीच्या पुठ्ठ्यासारखे पापुद्रे सुटत गेले, एक, दोन, तीन, पातळ आणि चमकदार. सरांनी नखाने एक सोलून काढला आणि साहेबांच्या हातावर ठेवला.

ड्रायव्हर बोटाने पापुद्रा उचलून म्हणाला, "माझी आई घेणार होती असलं स्टूल." आणि कुणी न सांगता ट्रकवर चढून गोण्या खाली द्यायला लागला.

साहेबांनी उरलेली पट्टी स्वतः वाकवून बघितली. मग बोलले ते मात्र फाडकन बोलले. "दीड वर्ष, माई! दीड वर्षात एकदाही वाटलं नाही सांगावंसं? आणि या दीड वर्षात काय काय गेलंय इथून, ते आता मी कुणाला विचारू?"

"बाकीचं सगळं बरोबर गेलंय, साहेब. पिंपं आधी कधी हलली नव्हती."

"हे तुम्ही सांगताय!"

कालपर्यंत माईंच्या शब्दाला पुरावा लागत नसे.

"साहेब," सर मधे पडले. "नमुने आहेत माझ्याकडे, रोजचे. मी उद्यापासून एकेक तपासतो. सगळे." मग खाली बघत म्हणाले, "आणि चूक एकट्या माईंची नाही. दोन पिंपं बिनलेबलाची ठेवून आपण सगळे एका माणसाच्या नाकावर विसंबून राहिलो. मीही."

"लेबलं मीच काढली होती," माई म्हणाल्या. लपवायचंच नाही म्हटल्यावर सगळंच बाहेर पडत होतं.

साहेबांनी कपाळावरून हात फिरवला. रागही होता आणि दुसरंही काहीतरी होतं, त्यांनाच नीट धरता येत नव्हतं. "आज सांगितलंत हे बरं केलंत," शेवटी म्हणाले. "पण मिक्सिंगला आता नको माई. उद्यापासून पॅकिंगला या. गोण्यांची तोंडं शिवायला माणूस हवाच आहे."

पाच वाजता माई कोठीत किल्ली ठेवायला गेल्या. सर तिथे उकिडवे बसून पिंपावर कागद चिकटवत होते. तळहाताने कडा दाबत होते. एकावर जोडदाणा, एकावर मऊदाणा. वळणदार, मोठी अक्षरं, चष्म्याशिवायही वाचता येतील अशी. दोन कागद आणि बोटभर डिंक. माई बघत राहिल्या. एवढ्यानेच भागत होतं तर.

"वाकडं लागलंय का?" सरांनी विचारलं.

"नाही," माई म्हणाल्या. "डाव्या कोपऱ्याला अजून थोडा डिंक लावा. तिथून सुटतं आधी."

माईंना हे कसं ठाऊक, ते सरांनी विचारलं नाही. त्यांनी डिंक लावला.

घरी पोचल्या तेव्हा नवरा स्टुलावर चढून ताका खाली काढत होता. माई दारातच थांबल्या आणि त्याचे दोन्ही पाय जमिनीला लागेपर्यंत आत आल्या नाहीत.

मोरीत जाऊन त्यांनी ॲप्रन बादलीत टाकला. हात-पाय धुतले, मानेला साबण चोळून चोळून लावला. हे बावीस वर्षांचं. आणि बावीस वर्षांचा प्रश्नही त्यांनी टॉवेल घेताना विचारला, "अहो, अंगाला वास येतोय का कारखान्याचा?"

त्याचं उत्तरही बावीस वर्षांचं होतं, "छे, कुठे काय? साबणाचा येतोय." पण आज तो मशीनवरचं कापड बाजूला सारून आत आला.

"का गं? रडतेस का?"

"माझं नाक गेलंय हो," माई म्हणाल्या. "दीड वर्ष झालं. आज सांगून आले सगळ्यांना. मिक्सिंगवरून काढलं मला. उद्यापासून गोण्या शिवायच्या."

तो मोरीच्या उंबऱ्यावर टेकला. गुडघा चोळत राहिला. "म्हणजे माझ्याच धंद्यात आलीस की. उसवत जाऊ नकोस म्हणजे झालं." मग म्हणाला, "माहिती होतं मला. आपली आमटी दोनदा लागली, दूध रोज लागायला लागलं. एकदा गॅस नुसताच चालू होता, तू शेजारी भाजी चिरत होतीस. तेव्हापासून मी घर सोडून कुठे जात नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून थांबलो."

माईंना आता रडू आवरेना. नवरा शेजारी तसाच बसून होता. बऱ्याच वेळाने त्यांनी टॉवेलने तोंड पुसलं आणि पुन्हा विचारलं, या वेळी अगदी हळू, "खरं सांगा. येतोय का वास?"

तो वाकला. त्यांच्या खांद्यापाशी, मानेपाशी नाक नेऊन त्याने सावकाश श्वास घेतला.

"येतोय," तो म्हणाला. "रोजच येतो. साबणाने जात नाही तो."

"कसला येतो?"

"कसला म्हणजे..." तो विचार करू लागला. कपड्याचा माणूस, त्याला अशा गोष्टींना शब्द सापडत नसत. "दोरा जळल्यावर येतो ना, तसा. आणि वर काहीतरी झोंबणारं. पहिली दोन-तीन वर्षं नको वाटायचा. मग संध्याकाळी तो दारातून आला की कळायचं, आलीस."

"आता जाईल हळूहळू," माई म्हणाल्या. "गोण्या शिवायला कसला वास?"

त्याने मान हलवली. मग हात लांब करून बादलीतून ॲप्रन उचलला. अजून पाणी सोडलेलं नव्हतं, कोरडाच होता. त्याने तो झटकला नाही. पुढच्या खोलीत नेऊन मशीनशेजारच्या खुंटीला अडकवला.

"राहू दे आजच्या दिवस," तो म्हणाला. "उद्या धू."

दुसऱ्या दिवशी माई गोण्या शिवायला गेल्या. ॲप्रन खुंटीलाच होता. त्याच्या दुसऱ्या दिवशीही.